उणे अठरा

कुओपिओच्या उत्तरेला, बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे
तळ्याच्या बर्फात एक चौकोन उघडा ठेवतात,
जेवणाच्या टेबलाएवढा.
लाकडी शिडी, तिच्या दांड्याला गुंडाळलेला दोर.
सकाळी सहा ते आठ बायकांची वेळ.

तिथे मला आउने भेटली.
मी सतराची, ती एकोणऐंशीची,
दोघी उघड्या, दोघींच्या डोक्यावर लोकरीची टोपी.

ओळख अशी सुरू झाली की लपवायला फारसं उरत नाही.
तिचा डावा स्तन नव्हता,
तिथे सपाट, फिकी शिवण.
मी बघितलं. बघताना तिने मला बघितलं.
"अठ्ठ्याण्णव साल," ती म्हणाली,
पावतीवरची तारीख वाचावी तशी.
मी माझी अपेंडिक्सची खूण दाखवली. "गेल्या वर्षी."
"हात चांगला होता डॉक्टरचा."
आणि आम्ही पाण्यात उतरलो.

पाण्यात बोलता येत नाही,
श्वास घेणं हेच काम होऊन बसतं.
ती आकडे मोजायची, मोठ्याने.
दूधसंघात छत्तीस वर्षं हिशेब लिहिलेली बाई,
एकही आकडा थरथरत नसे.
मी तिसाला अडखळायचे.

बोलणं नंतर, सॉनाच्या वरच्या फळीवर,
तेही चार वाक्यांचं.
माझं आईशी पटत नाही. तिचं लेकाशी.
मला गणित सुटत नाही. तिला काकडीच्या बरण्या उघडत नाहीत.
बरण्या मी उघडून द्यायचे.
गणित तिने कधी सोडवून दिलं नाही.
म्हणायची, चुकायचं तर तुझं तूच चुक.

एकदा विचारलं, तुला आजी म्हणू?
"चार नातवंडं आहेत. ती जागा भरली.
मैत्रिणीची रिकामी आहे,
शेवटची मार्चमध्ये गेली.
हवी तर घे.
फक्त शिडीवर माझा हात धरायचा नाही."

मला अठरावं लागलं त्या दिवशी
दारावरच्या थर्मामीटरमध्ये उणे अठरा.
आउनेने दोन्ही आकडे पाहिले,
म्हणजे एक काचेत आणि एक माझ्याकडे,
आणि म्हणाली, "बेरीज शून्य.
चला, पाटी कोरी."

फेब्रुवारीत मी जायची थांबले.
काही घडलं नव्हतं, तेच सांगता येईना कुणाला.
नुसतं उठवत नव्हतं.
आई दाराबाहेर ताट ठेवायची, मग उचलायची.
पडद्याच्या फटीतून दिवस यायचा
आणि दुपारी तीनला निघून जायचा.

अकराव्या दिवशी दार वाजलं.

तिला माझं आडनाव माहीत नव्हतं.
तीन शाळा फिरली होती:
लांब हातांची मुलगी, डाव्या खांद्यावर तीळ,
अपेंडिक्स काढलेलं.
दोन शाळांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं,
घरून कुणाला बोलवू का, विचारलं.
तिसरीत, जेवण वाढणाऱ्या बाईला
माझे हात आठवले.

खोलीत आली. बूट काढले नव्हते, इथे हे कुणी करत नाही.
कसं वाटतंय, का, कधीपासून,
यातलं काही विचारलं नाही.
माझ्या रबरी चपला पलंगाखाली टाकल्या
आणि म्हणाली,
"भोक बुजत चाललंय. मी एकटी किती फोडू?"

खोटं होतं.
तिथे पाण्याखाली पंप आहे, रात्रंदिवस चालतो,
नगरपालिका त्याचं बिल भरते.
मला हे माहीत होतं.
मला माहीत आहे हे तिला माहीत होतं.
मी मोजे शोधू लागले.

बसमध्ये ती खिडकीला टेकून झोपली.
तीन शाळांचे जिने चढलेले तिचे गुडघे
वळणावळणाला माझ्या गुडघ्यांना लागत होते.

शिडीवर कुणी कुणाचा हात धरला नाही.
पाणी सुरीसारखं, गळ्यापर्यंत.
"मोज," ती म्हणाली.
मी मोजत गेले,
आणि तिसाला अडखळले, नेहमीसारखी.
ती पुढे गेली नाही. थांबली.
टोपीवर बर्फाचे कण, ओठ निळे,
किती वेळ, ते मोजलं नाही कुणी.
मग दोघी एकदम म्हणालो,
एकतीस.